मागचं दार

जुलैमधली दुपार होती, पाऊस असा की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं, आणि आम्ही वर्सोव्याच्या बाजूला एका कॅफेत बसलो होतो. पुण्याहून मामेबहीण आली होती, तिला समुद्र दिसेल अशा ठिकाणीच जेवायचं होतं. कॅफे छान होता, खोटं कशाला बोलू. जुन्या होडीच्या फळ्यांचं काउंटर, वेताचे दिवे, भिंतीवर खडूने काढलेलं मोठं कासव आणि त्याखाली लिहिलेलं की इथे प्लास्टिकचा स्ट्रॉ मिळणार नाही. वेटर अगदी कोवळा मुलगा, त्याने कागदी स्ट्रॉ ठेवताना आपणहून सांगितलं, "मॅडम, आमचं सगळं इको-फ्रेंडली असतं, पार्सलचा डबापण उसाच्या चोथ्याचा आहे." हे सांगताना त्याला खरंच अभिमान वाटत होता आणि मला ते आवडलं. मग बहिणीने पापलेट मागवलं. ताटात दोन आली, तळहाताएवढीसुद्धा नव्हती, रव्यात तळलेली, वर लिंबाची फोड. मी विचारलं, आत्ता तर मासेमारीची बंदी चालू आहे ना, मग हे कुठलं? "फ्रोझन असतं मॅडम, वर्षभर मिळतं." जेवण झाल्यावर हात धुवायला आत गेले तर बेसिनच्या बाजूला किचनचं मागचं दार उघडं होतं, आणि एक पोरगा तेलकट पाण्याची बादली घेऊन ती भर पावसात भिंतीकडेच्या उघड्या गटारात ओतत होता. ते गटार पुढे नाल्यात, नाला समुद्रात. ज्या समुद्राकडे तोंड करून आम्ही बसलो होतो त्याच समुद्रात.

बहीण खूश होऊन गेली. माझ्या डोक्यातून मात्र ते दार जाईना.

स्ट्रॉला नावं ठेवायची मला मुळीच इच्छा नाहीये. २०१८ चा जून आठवतोय ना? २३ तारखेपासून प्लास्टिकबंदी लागू झाली, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तुरुंग. त्या आठवड्यांत मासळी बाजारात लोकं खरोखर स्टीलचे डबे घेऊन यायला लागली होती. माझी मासेवाली मावशी, वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, डब्यात बांगडे टाकताना म्हणाली होती, "आता कसं बाय, आमच्या आयशीच्या टायमासारखं झालं." मग हळूहळू सगळं सैल पडत गेलं, काळ्या पातळ पिशव्या टोपलीखालून परत बाहेर आल्या. २०२२ च्या १ जुलैला केंद्राची बंदी आली, त्यात स्ट्रॉ, चमचे, प्लेटा, कप असं सगळंच होतं. आज कॅफेंच्या टेबलावर कागदी स्ट्रॉ दिसतोय तो बराचसा त्यामुळे, आणि कायद्याने का होईना पण दिसतोय हे मला चांगलंच वाटतं. फक्त 'कंपोस्टेबल' छापलेल्या कपांबद्दल एक गोष्ट कॅफेवाल्यांनी आणि आपण, दोघांनीही नीट समजून घ्यायला हवी. मक्याच्या स्टार्चपासून केलेला तो पारदर्शक कप आपोआप विरघळत नाही, त्याला साठेक अंश तापमान टिकवणारा मोठा कंपोस्टचा प्लांट लागतो. वाळूत पडला किंवा पाण्यात गेला तर तो तिथे साध्या प्लास्टिकसारखाच पडून राहतो. कागदी कपालासुद्धा बहुतेकदा आतून प्लास्टिकचा थर असतो, नाहीतर त्यात चहा टिकलाच नसता. म्हणजे वस्तू बदलली तरी ती नंतर कुठे जाते हे बघायलाच लागतं, आणि ते बघायचं असेल तर पुढे टेबलाशी बसून दिसत नाही.

लहानपणी बाबा आम्हाला गिरगाव चौपाटीवर न्यायचे. भेळ रद्दीच्या कागदावर, कडक पुरीने उचलून खायची. कुल्फी पानावर. काला खट्टाचा गोळा जाड काचेच्या ग्लासात, बर्फ चोखून झाला की परत वर सरबत मागायचं आणि गोळेवाला न कुरकुरता ओतायचा. रगडा पॅटिस स्टीलच्या ताटलीत, ताटली इतकी गरम की मी ती फ्रॉकच्या घोळात धरायचे. वाऱ्याला खारट वास, त्यात भाजक्या कणसाचा धूर आणि लिंबू-तिखटाचा वास. आज कोणी म्हणतं की तेव्हा सगळं किती निसर्गाला धरून होतं, तर मला आईचा चेहरा आठवतो. आईला ती ताटली चालायचीच नाही. ती गाडीच्या मागे बोट दाखवायची, तिथे एक बादली असायची आणि संध्याकाळभराच्या सगळ्या ताटल्या त्याच एका बादलीत बुडून वर यायच्या, आठ वाजेपर्यंत पाणी हळदीच्या रंगाचं झालेलं असायचं. आणि रद्दीच्या कागदाची शाई पोटात जाते म्हणून त्यात खायचं देऊ नका असं अन्न सुरक्षावाले आता सांगतातच. त्यामुळे थर्माकोलच्या प्लेटा आल्या तेव्हा आईने सुटकेचा श्वास टाकला होता. स्वच्छ, पांढरी, एकदाच वापरायची, ज्याची त्याची. माझ्यासारखी हजारो घरं तेव्हा अशीच निश्चिंत झाली असतील, आणि तो पांढरा चुरा कुठे गेला असेल ह्याचा विचार कोणाच्या मनात यायचं कारणही नव्हतं.

मध्यंतरी जुहूला एका स्टॉलवाल्याशी बोलत होते, वयस्कर माणूस, वडिलांपासूनचा धंदा. मी विचारलं, काका, परत स्टीलच्या प्लेटा का नाही ठेवत? ते म्हणाले, "ताई, स्टील परवडतं हो. एकदा घेतलं की दहा वर्षं बघायला नको. पाणी परवडत नाही. प्लेट धुवायला वाहतं पाणी पाहिजे, ते ड्रममधून किती पुरवू? आणि धुतलेलं पाणी टाकू कुठे, वाळूत?" मग स्वतःच म्हणाले, वाळूत टाकलं की दुसऱ्या दिवशी वास सुटतो, माश्या येतात, गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जातं. म्हणून कागदाची प्लेट.

एक नळ आणि एक गटाराची जोडणी. चौपाटीवरच्या स्टॉलांच्या प्लास्टिकची अर्धी गोष्ट इथेच आहे असं मला वाटतं.

आता हेही सांगायला पाहिजे की किनाऱ्यावरचा कचरा काही फक्त हॉटेल-स्टॉलवाल्यांचा नाही, ते प्रमाण लहानच असणार. वर्सोव्याला २०१५ च्या ऑक्टोबरपासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरची माणसं दर वीकएंडला कचरा उचलायला लागली, त्यात काय काय निघालं हे ज्यांनी एकदा तरी हातमोजे घातलेत त्यांना विचारा. साड्या, गाद्यांचा कापूस, चपला, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, शाम्पूची पाकिटं. हे सगळं नाल्यांतून येतं, अख्ख्या शहरातून. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ किती जणांनी टाकला असेल, माझे तर डोळे भरून आले होते. पण सांडपाण्याचं काय, ते हातमोजे घालून उचलता येत नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर अशा सात ठिकाणी महापालिकेची मोठी शुद्धीकरण केंद्रं उभी राहताहेत, सगळी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. ती होतील तेव्हा फार मोठा फरक पडेल आणि मी त्याची मनापासून वाट बघतेय. पण तळणाचं तेल उघड्या गटारात ओतलं तर ते तिथपर्यंत पोचणारच नाही ना. त्यासाठी किचनच्या सिंकखाली पाण्यातलं तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप लागतो, तो रोज साफ करणारा माणूस लागतो, आणि जुनं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्याला देण्याची सवय लागते. २०१८ पासून एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, त्यासाठी योजना आहे, तेल कुठपर्यंत वापरायचं त्याला नियम आहे, परत परत तापवून त्यात पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त पोलर घटक, म्हणजे बिघडलेल्या तेलातली द्रव्यं, झाले की ते तेल खाण्यासाठी वापरायचंच नाही. पण ग्रीस ट्रॅपचा फोटो कोणी इन्स्टावर टाकत नाही.

आणि मासे. माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट खरं तर ती दोन पापलेटं होती.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, हे मुंबईत मासे खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि आपल्या घरांनी ह्या दोन महिन्यांची सोय कधीपासून करून ठेवलेली होती. थंडीत वेसाव्याला, मढला, गोराईला गेलात तर बांबूंवर बोंबील लटकलेले दिसतात, तोंडात तोंड अडकवून, रांगाच्या रांगा, आणि तो वास, ज्याला आवडतो त्याला भूक लागते आणि ज्याला आवडत नाही तो रिक्षा वळवायला सांगतो. मे महिन्यात आई पत्र्याचा डबा भरायची, सुके बोंबील, जवळा, सोडे, बांगडा. मग बाहेर धो धो पाऊस आणि घरात वांगं-बटाटा घालून सुक्या बोंबलांचं कालवण, तांदळाची भाकरी, तव्यावर परतलेला जवळा. मधेच खाडीतल्या चिंबोऱ्या किंवा निवट्या मिळाल्या तर चैन. मग श्रावण, म्हणजे अजून एक महिना माशाला सुट्टी. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देणार, होड्या रंगणार, आणि मग पहिलं ताजं मासळीचं ताट. त्या ताटाची जी वाट बघितलेली असायची ना, ती चव वेगळीच होती. गटारीला सगळ्यांनाच एकदम ताजं मटण-मासे हवे असतात आणि नेमका तेव्हाच बहुतेकदा समुद्र बंद असतो, हेही आहेच. पण एकूण वर्षाचा मेन्यू ऋतूप्रमाणे बदलतो हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नव्हती.

आता फ्रीजरमुळे बारा महिने पापलेट. त्या पापलेटला २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलं, का, तर तो कमी होत चाललाय, अंडी घालायच्या आतच लहान लहान पकडला जातो. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला गेला, त्यापेक्षा लहान पकडायचा नाही, पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर. नियम झाला, पण ताटात मासा आल्यावर पट्टी घेऊन कोण बसतं? आणि कॅफेच्या दृष्टीने लहान पापलेट फार सोयीचं, एका प्लेटमध्ये अख्खं मावतं, फोटो चांगला येतो, भाव आटोक्यात राहतो. मांदेली, मोदकं, बोंबील, शिंगाळा, ढोमी हे मासे भरपूर येतात, चवीला सुंदर, पण मेन्यूकार्डवर शोधून सापडत नाहीत.

मनोरीला एका घरी जेवले होते त्याची आठवण इथे येते. मार्वेहून फेरी, पलीकडे उतरल्यावर शहर एकदम मागे पडतं. त्या घरी पाटी नाही, मेन्यू नाही. आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते सांगायचं, आणि सकाळी काय मिळालं त्यावर जेवण ठरणार. त्या दिवशी मुडदुशा आणि तिसऱ्या होत्या. अंगणात बाकडं, पलीकडे माड, केळी. जेवून झाल्यावर काकू ताटातली काटं-डोकी एका टोपल्यात गोळा करून माडाच्या आळ्यात पुरून आल्या आणि वर राख टाकली. मोरीचं पाणी पन्हळीतून सरळ अळवाकडे जात होतं, अळूची पानं ही एवढाली. मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल तर तिथे उरलेलं काही नव्हतं, जेवढी माणसं तेवढंच रांधलेलं. काकूंनी ह्याला कुठलंही नाव दिलेलं नव्हतं, आणि त्यांची तक्रारही होती, की आता येणारी तरुण मंडळी फोनवर आधी विचारतात सुरमई आहे का, प्रॉन्स कोळीवाडा आहे का, नसेल तर फोन ठेवतात. मुलगा म्हणतो आई, फ्रीजर घेऊ.

मला शहरातल्या कॅफेला मनोरीचं घर व्हा असं म्हणायचं नाहीये, त्यांच्याकडे ना माड ना आळं, तिथे डांबर आहे आणि डोक्यावर भाडं आहे. पाऊस जरा उघडल्यावर मी त्या कॅफेत परत गेले, मॅनेजरशी बोलायला. वाटलं होतं चिडेल. माणूस चिडला नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून बरं वाटल्यासारखा बोलत बसला. म्हणाला, पावसाळ्यात मासे बंद ठेवून बघितलं होतं, समुद्रावर बसून मासे नाहीत म्हणून लोकांनी एक-एक स्टार दिले. मांदेली ठेवली तर काटे आहेत म्हणून प्लेट परत आली. २०२५ च्या सुरुवातीला हायकोर्टाच्या आदेशानंतर कोळशाच्या तंदूरवाल्यांना पालिकेच्या नोटिसा गेल्या, तेव्हा ह्या कॅफेनेही तंदूर गॅसवर नेला, तो खर्च झालाच. "कागदी स्ट्रॉ मी मालकाकडून एका दिवसात मंजूर करून घेतला, मॅडम. ग्रीस ट्रॅपसाठी कधीपासून मागे लागलोय. जागा भाड्याची आहे, करार अकरा महिन्यांचा, मालक म्हणतो दुसऱ्याच्या फरशीत पैसे कशाला पुरायचे." हे ऐकल्यावर मला त्याचा राग येईना, पण तेल समुद्रातच जातंय हेही तेवढंच खरं होतं, आणि ह्या दोन्हीचं काय करायचं ते मला त्या टेबलाशी बसून सुचलं नाही. एवढं मात्र वाटलं की अकरा महिन्यांच्या करारावर कोणी दहा वर्षांचा विचार कसा करणार? जुहूच्या काकांचं आणि ह्याचं दुखणं एकच आहे. ज्याला उद्या इथे असू की नाही माहीत नाही तो फक्त हलवता येतील अशाच गोष्टी बदलतो, स्ट्रॉ, डबे, पाट्या.

म्हणूनच मला किनारा कोणाच्या हातात दिला जातो हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. २०२० मध्ये राज्याने बीच शॅकचं, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खोपटी-हॉटेलांचं, धोरण आणलं त्यात आठ किनारे होते, वर्सोली, दिवेआगर, केळवा, बोर्डी, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, आणि ८० टक्के जागा स्थानिकांना राखीव. मुंबईतला एकही किनारा नाही. गोव्याचे शॅक तर पावसाआधी काढूनच ठेवतात, किनाऱ्याला विश्रांती मिळते. आपल्याकडे माहीम कोळीवाड्यात २०२३ मध्ये महिला बचत गटांचा सीफूड प्लाझा सुरू झाला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण ज्यांच्या घरातून होडी जाते त्याच बायका तिथे तव्याशी उभ्या असतात. तिथे भरलेले बोंबील खाताना समोर सी-लिंकचे दिवे, बाजूला कोणाच्या तरी सासूची सुनेला सूचना, "तिखाट कमी टाक, लोकं बाहेरची हायत." काय ताजं आहे ते विचारायची गरज नाही, त्याच सांगतात आज हे घेऊ नका, ते घ्या. हे 'घेऊ नका' मला कुठल्याही कॅफेत कोणी सांगितलेलं नाही.

माझ्या मासेवाल्या मावशीला मी हे सगळं सांगत होते, मॅनेजरचं बोलणंपण. तिने मांदेलीचं डोकं मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, हाटेलवाल्यांना मासळी द्यायला आम्ही कधीच तयार आहोत बाय, माझी लेक रोज सकाळी व्हॉट्सॲपवर टाकते काय आलंय ते. दोघं-तिघं घ्यायला लागले होते, बोंबील, मांदेली, कोळीम, जे येईल ते, शेफ लोक हौशी असतात. मग हिशोबावर अडलं. कॅफे म्हणतात बिल पाठवा, पैसे तीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस. बंदरावर लिलावात मावशीला रोख मोजावे लागतात, बर्फवाल्याला रोख, टेम्पोवाल्याला रोख. फ्रीजरवाला मोठा सप्लायर तीस दिवस थांबू शकतो, टोपलीवाली बाई कशी थांबेल? म्हणून कॅफेत फ्रीजरचं पापलेट जातं आणि शंभर पावलांवरची ताजी मांदेली जात नाही. मी विचारलं, मग काय केलं तर तू परत देशील? मावशी म्हणाली, "सकाळी माल घे, सांजच्याला पैसे दे. गुगल पे चालेल. आणि जे आलं ते घे, मला पापलेटच पायजे म्हणून जूनमधे फोन करू नको." मॅनेजरला मी मावशीच्या लेकीचा नंबर दिलाय. तो म्हणालाय की संध्याकाळी पैसे देण्याचं मालकाशी बोलतो, पाच हजारांपर्यंतची खरेदी रोजच्या गल्ल्यातून करायची परवानगी मागतो. मालकाचं उत्तर अजून आलेलं नाही.